हनुवटीपुरती कोरी ओळ

महाळुंगे पडवळ,
१० ऑगस्ट

प्रिय रीना,

पाच महिन्यांत आपण एकमेकींशी एक वाक्यही बोललेलो नाही आणि त्यात चूक माझी आहे, हे आधीच लिहून टाकते. नाहीतर माझ्या सवयीप्रमाणे तीन पाने प्रस्तावनेतच जातील. इकडे सगळे बरे आहे. बराखीत साठवलेला कांदा आई रोज थोडाथोडा निवडते आहे. मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि उत्तर येत असूनही वर्गात अजून हात वर करत नाही.

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात माझी कथा छापून आली, त्या दिवशी मी अंक घेऊन थेट घोडेगावला तुमच्या कापडदुकानात आले होते. कथेची नायिका तूच होतीस. तेच दुकान, भिंतीला टेकवलेला तोच उंच आरसा, साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून गिऱ्हाइकाला दाखवण्याची तीच लकब. फक्त तिचा वर्ण केतकीचा होता आणि तुझ्या हनुवटीवरून गळ्यापर्यंत उतरलेला पांढरा डाग तिला नव्हता. मला वाटत होते, मी तुला भेट देते आहे. तू कथा शेवटपर्यंत वाचलीस, अंक मिटलास आणि म्हणालीस, "छान आहे गं ही. पण हिला माझ्या दुकानात कशाला बसवलंस?" मग तू अस्तराचे कापड मोजायला वळलीस. मी अंक उचलून निघून आले आणि वर तुझ्यावरच रुसून बसले.

गेल्या महिन्यात आईने कांदे निवडता निवडता तीच कथा वाचून दाखवायला सांगितली. बारीक गोल्टी एकीकडे, जोडकांदे दुसरीकडे असे चालले होते. मध्येच ती म्हणाली, "लई गोरी दिसतीय ही. हिला कांदं निवडाया न्यायची सोय न्हाई." मी हसले. कथा संपल्यावर मात्र तिने विचारले, "आन् आपली रीना कुठं हाय ह्यात?"

मी ज्या पुस्तकांवर वाढले, त्यांत नायिकेचे नाक चाफेकळीसारखे असे, आणि आरसा असे तो तिने स्वतःला पाहून लाजावे म्हणून. त्यामुळे माझी नायिकाही आरशासमोर लाजली. तू तर त्या आरशात पाहतही नाहीस. त्याची चौकट धरून तो समोरच्या बाईकडे कलता करतेस, एवढेच. शिनोलीची ती नवरी आठवते? तिची चुलती म्हणत होती, "पोरगी सावळी हाय, फिकटच दाखव, गडद नगं." मुलीची नजर जांभळ्या साडीवरून हलत नव्हती. तू ओढणी बाजूला सारलीस, जांभळा पदर थेट डागाला लावून धरलास आणि म्हणालीस, "काकू, लोक आधी माझा डाग बघतात, मग साडी. तुम्हाला आत्ता आधी काय दिसलं?" चुलतीने पदर बोटांत धरून पाहिला. मग म्हणाली, "साडी दिसली, बाई." तेव्हा कुठे ती मुलगी आरशासमोर सरकली. मी गठ्ठ्यांमागे स्टुलावर पुस्तक उघडून बसले होते. डोळ्यांदेखत घडलेले हे मी कथेतून गाळले आणि त्या जागी वाचलेले लाजणे घातले.

आता पत्राचे कारण. एका दिवाळी अंकाने ती कथा मागितली आहे. जुनी देववेना, म्हणून नवी लिहिली; सोबत जोडली आहे. तिच्यात जांभळी साडी आहे आणि डागही आहे. पण तो तुझा आहे, तेव्हा तुझ्या होकाराशिवाय कथा जाणार नाही. नको म्हणालीस तर फाडून टाकीन आणि या खेपेला रुसणार नाही. चौथ्या पानावर, हनुवटीच्या वर्णनाशी, एक ओळ कोरी ठेवली आहे. तिथे शोभेल अशी उपमा मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. ती ओळ तू लिही. गुरुवारी मी दुकानात येते आहे. मला साडी घ्यायची आहे, गडद. गठ्ठ्यांमागे बसणार नाही. आरसा माझ्याकडे कलता कर. येताना पेन्सिलीला टोक काढून आणते.

तुझीच, आणि यापुढे तुझ्याकडे पाहून लिहिणारी,
अश्विनी