भट्टीमागच्या पाल्याचा रस बंद करण्याबाबत

प्रति,
मा. कारखाना निरीक्षक,
औद्योगिक आरोग्य विभाग,
जिल्हा कार्यालय.

विषय : भट्टीवरील कामगारांना सक्तीने पाजला जाणारा शेवग्याच्या पाल्याचा रस बंद करणे व माझ्या नवऱ्यास भट्टीवरून हलवणे.

संदर्भ : माझ्या आधीच्या अर्जास आलेले आपले उत्तर, "रस नियमित दिला जात असल्याने तक्रार निकाली."

महोदय,

१. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळणाऱ्या कारखान्याच्या उपाहारगृहात मी स्वयंपाकीण आहे. नवरा तिथेच भट्टीवर आहे. त्याचे पाय सुजतात, लघवीला फेस येतो. शिशाने किडन्या निकामी होत चालल्यात, भट्टी सोडा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. व्यवस्थापक म्हणतात, भट्टी कशाला सोडायची, रस आहे ना. आपणही तेच लिहिलेत. वाचून मला शिसारी आली, हे नम्रपणे नमूद करते.

२. शिसे चारलेल्या उंदरांना या पाल्याचा अर्क दिल्यावर त्यांच्या किडन्यांचे नुकसान कमी झाले, असे व्यवस्थापक कुठल्याशा परिषदेत ऐकून आले. आले ते रोपे घेऊनच. धूर ओढणारा पंखा तेव्हा बंद पडला होता. तो दुरुस्त करायचे सोडून त्यांनी भट्टीमागे बाग लावली. आपण स्वतः येऊन फीत कापलीत. त्या दिवशी आपल्या हाती दिलेला पेला लिंबाच्या सरबताचा होता. तो मीच भरला होता, म्हणून खात्रीने सांगते.

३. बाग धुराड्याच्या अगदी खाली आहे. तिला पाणी जाते ते बॅटऱ्या धुतलेल्या हौदातले, चुना टाकून निवळलेले. पाला माझ्याकडे येतो तेव्हा हिरवा कमी आणि करडा जास्त असतो. सुरुवातीला मी तो धुवायचे. मग लेखी सूचना आली की धुतल्याने सत्त्व जाते, सबब पाला न धुता वाटावा. तसा वाटून गाळला की फडक्यात राखाडी, बुळबुळीत गाळ उरतो. गुरांपुढे ठेवायलाही लाज वाटावी असली ती घाण माणसांच्या हातात द्यायची, आणि वर तोंड पुसायला रुमालही द्यायचा, शी! उंदरांच्या किडन्या वाचल्या असतील, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण त्या उंदरांचा पाला भट्टीमागे उगवलेला नव्हता.

४. ते फडके मी व्यवस्थापकांच्या टेबलावर नेऊन ठेवले. नाकाला रुमाल लावून ते म्हणाले, "बघा बाई, रसाने शिसे कसे खेचून बाहेर काढले!" अहो, माणसाच्या पोटात जायच्या आधीच? असे मी विचारले, त्यावर त्यांनी शिपायाला हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून मी रस करायला साफ नकार दिला. सबब, कामगारांना आरोग्य-संरक्षणापासून वंचित ठेवल्याच्या आरोपाखाली मला निलंबित केले आहे. नोकरीचे काय व्हायचे ते होवो, हा अर्ज त्यासाठी नाही.

५. हा अर्ज नवऱ्यासाठी आहे. मी नकार दिल्यावर काही दिवस कारखान्यात रस मिळेना, तेव्हा तो खिसे भरभरून पाला घरी आणू लागला. स्वतः वाटतो, नाक दाबून पितो, मोरीत ओकतो आणि उरलेला पुन्हा पितो. एकदा मी सगळे भांडे ओतून दिले. तो चिडला नाही. एवढेच म्हणाला, "भट्टी काही सुटत नाही. एवढा एकच आधार उरलाय, तोही काढून घेतेस?" मी परोपरीने समजावले, रडले, भांडले. तो म्हणतो, तू स्वयंपाकीण, तुला काय कळतं, साहेबांनी सही केलीय. आपले ते उत्तर तो पाकिटात जपून ठेवतो.

६. तरी विनंती की, रसाची व बागेतल्या मातीची तपासणी व्हावी, पंखा सुरू व्हावा आणि नवऱ्यास भट्टीवरून हलवावे. या सगळ्याला आपल्याकडे वेळ लागणार, हे मी जाणून आहे. तोवर निदान त्याच्या नावाने एक ओळ लिहून पाठवावी : "हा रस पिऊ नये." खाली सही आणि शिक्का असावा. मला त्या शिक्क्याची किळस येते, साहेब. पण माझ्या घरात आज माझे कोणी ऐकत नाही, शिक्क्याचे ऐकतात.

अजून तरी नम्र असलेली,
उपाहारगृहातील निलंबित स्वयंपाकीण

दिनांक : १२ ऑगस्ट

सोबत :
१. डॉक्टरांच्या अहवालाची प्रत
२. तिकीट लावलेले रिकामे पाकीट, वर नवऱ्याचा पत्ता. आत फक्त ती ओळ घालावी.