खोडायचं राहिलेलं नाव

प्रिय अँब्रोज,

तुझं पत्र थॉमसिननं दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाच म्हटलं तर म्हणाली, आजी, मजकूर तोच राहणार. तुझी बहीण तुझ्याइतकीच उद्धट झालीय, आणि हे मी तिच्याच हातानं लिहवून घेतेय. लिही गं, तोंड काय वाकडं करतेस.

तर तू कायदा शिकायला लागलास आणि आजोबांच्या मृत्युपत्राप्रमाणे घरातली कायद्याची पुस्तकं तुझी झाली. गाडी पाठव, पेटी भरून ठेवते. मला अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. पण पानांच्या कडा बाहेर करून मांडलेली ही पुस्तकं मी चेहऱ्यानं ओळखते. एक आपल्या पाद्र्यासारखं फुगलेलं, एकावर आजोबांनी वाइन सांडलेली, एकाचा कोपरा कुत्रीनं कुरतडलेला.

तू लिहितोस, पहिल्या पानावरचं आधीच्या मालकाचं नाव खोडून माझं घालीन. तुम्हा वकिलांची रीतच ती. तुझा बाप जर्व्हिस लंडनला शिकायला निघाला, तेव्हा आजोबांनी याच टेबलाशी आपलं नाव खोडलं आणि त्यानं जीभ बाहेर काढून खाली आपलं घातलं. दोघंही हसत होते. पुढं तिथंच वकिली करू लागला, आणि प्लेगची साथ आली. तो आला नाही, पेटी आली. रोग घरात शिरू नये म्हणून शिरक्याची धुरी देऊन आम्ही पुस्तकं आत घेतली. रीतीनं ती परत आजोबांची, म्हणून ते लेखणी घेऊन बसले. शाई वाळून गेली. "उर्सुला," म्हणाले, "माझं नाव मी खोडलं. पोराचं कसं खोडू?" पुस्तकं तशीच फळीवर गेली.

आता ऐक. ते कुरतडलेलं पुस्तक रोज सकाळी रांगेतून बोटभर पुढं आलेलं असतं. मी आत सारते, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढं. ही म्हणते उंदीर. उंदीर पुस्तक खातो, वाचायला काढत नाही. आणि तिथं लवंगेचा वास येतो. वाचताना दाढेत लवंग धरायची सवय कुणाची, ते तुला ठाऊक नाही. तू पाळण्यात होतास. थॉमसिनला आठवतंय. इथं जो शाईचा डाग पडलाय तो तिचा. तुझा बाप गेल्यापासून मी घरात लवंग आणलेली नाही.

लंडनला साथीत गेलेल्या सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरलं, वर दगडसुद्धा नाही. त्याचं नाव उरलंय ते त्या पानांवर. बाकीची पुस्तकं ने, त्यांतलं खोड, माझा राग नाही. तेवढं एक मागू नकोस. वाचता येत नसलं तरी बोट कुठं ठेवायचं ते मला ठाऊक आहे. मी गेल्यावर तेही ने आणि खुशाल खोड, पण बारीक रेघेनं, खालचं वाचता येईल अशी. तोवर तो बाहेर काढतो, मी आत सारते. आम्हा मायलेकांचं एवढंच बोलणं उरलंय.

तुझीच, लेखणी न धरलेली,
उर्सुला आजी