बाबाचं चालणं

अरे,
तू झोपला होतास, घर चिडीचूप होतं, आणि तुझा पावलं मोजायचा पट्टा टिंग करून वाजला. आजचं चालणं पूर्ण झालं म्हणे! बघते तर पट्टा आपल्या चिमणीच्या हातात. म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांना तू दाखवतोस ते चालणं हिचं आहे तर. मी रागावले नाही. रागवायलाही आता काही उरलेलं नाही. भाजी झाकून ठेवली आहे, पट्टा तुझ्या बुटात आहे. हृदयाला चालणं हवंय रे, रोज, थोडं का होईना. आम्ही कोपऱ्यावरच्या बागेत थांबतो, चालत ये. बूट घालताना चिमणीनं विचारलं, "आई, मी रोज एवढी पळते, मग बाबा अजून बरा का होत नाही?"