ईश्वर आमच्याकडे उतरला होता

सातपूर, नाशिक
२५ मार्च २००२

ती. सौ. अक्कास,

सावळीरामाचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला अर्धा भेटीअंती.) तुझा गुडघा, दाजींचा खोकला आणि दाजींचा राग, तिन्ही कसे आहेत ते कळव. इकडे सगळे बरे आहेत. तुझी भावजय कुसा माझ्याशी आणि यादवशी बोलत नाही, पण तब्येतीने ठणठणीत आहे.

दिवाळीत दाजी सगळ्यांसमक्ष काय म्हणाले होते ते मी विसरलेलो नाही. गुढीपाडव्यापर्यंत तुझ्या लेकाचं नाव जगाच्या टेनिसच्या यादीत लागलं नाही, तर रॅकेट खुंटीला आणि यादव घरी देवळ्याला, कांदा साठवायच्या चाळीवर. यादीत यायला त्याला एकच गुण कमी पडत होता हे खरं, पण तो एक गुण गेली दोन वर्षं कमी पडत होता हेही खरं. त्या गुणासाठी तो पूर्वेला गेला तर तिकडे पोट बिघडलं, दक्षिणेला गेला तर रॅकेटा उत्तरेला गेल्या. एकदा समोर इतकं कोवळं पोरगं आलं की यादवला त्याची कीव आली, आणि कीव येत असतानाच ते जिंकून निघून गेलं. दाजी म्हणतात, मीच पोराला बिघडवलं. असेल. आमच्या साहेबांनी कारखान्याच्या आवारात हौसेने टेनिसचं कोर्ट बांधलं आणि त्यांची बदली झाली. नवे साहेब तिथे मिरच्या वाळत घालणार होते. तुझा पोरगा शाळेसाठी माझ्याकडे होता आणि संध्याकाळी मला काही काम नव्हतं. मी लेथवरचा माणूस, टेनिस मला येत नव्हतं, पण चेंडू परत पाठवायला फार अक्कल लागत नाही. बाकीचं त्याचं तो शिकला.

तर या महिन्यात आंतरराष्ट्रीय स्पर्धा चक्क नाशिकलाच आली. (आंतरराष्ट्रीय म्हणजे अगदी खालच्या पायरीची, पण परदेशी माणसं होती आणि एक सामना जिंकला की तो एक गुण मिळणार होता.) नेमकं त्याच आठवड्यात शहरात दंतवैद्यांचं अखिल भारतीय अधिवेशन भरलं आणि झाडून सगळी हॉटेलं दातवाल्यांनी अडवली. परदेशी खेळाडू सामानावर बसून राहिले. तेव्हा क्लबच्या सेक्रेटरींनी हात जोडून सांगितलं की ज्यांची घरं गावात आहेत त्यांनी एकेक पाहुणा उचला. आमच्या वाट्याला आला तो रशियाच्या पलीकडचा कुठला तरी. उंचीला आपल्या गोठ्याच्या आढ्याएवढा, केस मक्याच्या कणसासारखे, नाव इगोर. कुसाला ते नाव काही केल्या जमेना. तिने त्याला ईश्वर केलं. दोन दिवसांत आमच्या चाळीतली सगळी बिऱ्हाडं त्याला ईश्वर म्हणू लागली. ईश्वर आंघोळीला गेला, ईश्वराला मिरची सोसत नाही, ईश्वराचे मोजे वाळत घाला. शेजारच्या चिमणाबाईंनी तर सकाळी येऊन विचारलं की ईश्वर उठला का, आणि नाही म्हटल्यावर त्या शांतपणे बाहेर बसून राहिल्या. खाटेवर तो मावत नसे, त्याचे पाय स्वयंपाकघरात जात. निजलेल्या माणसाला ओलांडू नये म्हणून कुसा चुलीकडे जाईना, त्यामुळे ईश्वर जागा होईपर्यंत घरात कोणाला चहा नसे.

त्याच्या खाण्याबद्दल मी बोलत नाही. एवढंच सांगतो की पिठल्याची कढई तो भाकरीने पुसून घेई आणि मग ती स्वतः घासायला बसे. कुसाच्या हातची कढई आजवर एवढ्या प्रेमाने कोणी घासलेली नाही. तिने त्याला मनातल्या मनात दत्तक घेतला.

आणि मग सोडत निघाली. पहिली फेरी: यादव विरुद्ध ईश्वर.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. यादव म्हणाला, "बरं झालं, याचा उजवा हात मी पाहिलाय, जमेल." त्यावर कुसाने परात खाली ठेवली. म्हणाली, "आपल्या दारचं खाऊन पाहुणा हरून जायचा? त्याची आई काय म्हणंल? नाशिकच्या लोकांनी जेवू घालून मान कापली म्हणंल."

"मामी, मी हरलो तर मला चाळीवर बसावं लागंल."

"कांद्यानं कोणी मेलेलं नाय. अब्रू गेली की मानूस मरतं."

यादवने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मामा, हरू का जिंकू, ते एकदा ठरवून सांगा." मी म्हणालो, देवाच्या मनात असेल ते. हे बोलायला नको होतं, कारण ईश्वर समोरच बसून वाटाणे सोलत होता आणि त्याने मान हलवली.

सामन्याच्या दिवशी कुसा डबा घेऊन सर्वांत पुढे बसली. आमच्या मागे पाच-सहा दंतवैद्य होते. (अधिवेशनातलं भाषण चुकवून आलेले. ते खेळाकडे बघत नव्हते, ईश्वर जोर करताना तोंड उघडतो तेव्हा त्याच्या दाढा बघत होते.) यादवने पहिली सर्व्हिस जाळ्यात मारली. दुसरीही जाळ्यात. मामीच्या शब्दाबाहेर तो जात नाही, हा तुझाच संस्कार. एक गेम असाच ईश्वराला देऊन झाला. मग ईश्वराची पाळी आली. त्याने पहिली सर्व्हिस कुंपणावर मारली आणि दुसरी दंतवैद्यांत. मला वाटलं, बिचारा बावरला. पण तो सगळा गेम तसाच गेला, आणि प्रत्येक चुकीनंतर तो कुसाकडे बघून छातीवर हात ठेवत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अक्का, तोही हरायला आला होता. कढई घासणारा माणूस खाल्ल्या मिठाला विसरेल कसा?

आता हरायचं म्हटलं तरी कोणीतरी जिंकावं लागतं. दोघेही जिंकायला तयार नाहीत म्हटल्यावर खेळ पुढे सरकेना. जो सर्व्हिस करी तो हरे. चेंडू दोघांच्या मधून जाई आणि दोघेही, लग्नात पाहुण्यांनी आधी तुम्ही बसा म्हणावं तसे, बाजूला होत. पहिला सेट कोणाच्या तरी गळ्यात पडला, दुसरा दुसऱ्याच्या. शेवटी पंच, फार करडा माणूस, उंच खुर्चीवरून उतरले. दोघांना जाळ्यापाशी बोलावून त्यांनी विचारलं की तुम्ही आजारी आहात की पैसे खाल्लेत. यादव म्हणाला, पिठलं खाल्लंय. पंच म्हणाले, असंच चाललं तर दोघांनाही बाद करीन. म्हणजे गुण कोणालाच नाही, अब्रूही नाही आणि कांदेही आहेतच. मी कुसाला म्हणालो, आता तरी काही सांग पोराला. ती डब्याचं झाकण घट्ट करत म्हणाली, "मी काय सांगायचं ते घरीच सांगितलंय."

तेव्हा यादवने ठरवलं की हरायचं ते नीट, खेळल्यासारखं दिसेल असं हरायचं. जाळ्यात मारण्याऐवजी अंगातला सगळा जोर लावून चेंडू बाहेर मारायचा. त्याने मारला, आणि चेंडू रेषेवर पडला. पुन्हा मारला, कोपऱ्यात पडला. इतकी वर्षं हा पोरगा आत मारायला गेला की चेंडू बाहेर जात होता. आज बाहेर मारायला गेला तर एकही बाहेर जाईना. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. तो दर फटक्याला मामीकडे बघून हाताने नाही नाही करत होता आणि पॉइंटावर पॉइंट त्याच्या अंगावर येऊन पडत होते. पलीकडे ईश्वराचा आनंद गगनात मावेना. तो रॅकेटवर थाप मारून शाबासकी देत होता. दंतवैद्यही उभे राहिले. अशा रीतीने तुझा मुलगा जिंकला, गुण मिळाला आणि नाव यादीत लागणार. (दुसऱ्या फेरीत त्याने हीच युक्ती मुद्दाम केली. सगळे चेंडू बाहेर गेले. असो.)

घरी आलो तर यादवच्या ताटात शिळी भाकरी आणि ईश्वराच्या ताटात पुरणपोळी. जेवता जेवता ईश्वराने खुणांनी आणि माझ्या कारखान्यातल्या इंग्रजीच्या मदतीने सांगितलं की त्याच्या वडिलांची बटाट्याची वखार आहे आणि त्यांनीही तेच बजावलं होतं: नाव लाव, नाहीतर वखारीत बस. त्यालाही तोच एक गुण हवा होता. हे कळल्यावर यादवने ताट सारलं. कुसाने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून नळाला पाणी आलंय का बघायला गेलो. तेव्हापासून ती बोलत नाही.

दाजींना एवढंच सांग की शब्द पाळला गेला आहे आणि यादव आता पुढच्या स्पर्धांना जाईल. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
सावळीराम

ता. क. : बाकीचे परदेशी पुढच्या गावी गेले. ईश्वर गेला नाही, वडिलांना तोंड दाखवायची त्याला लाज वाटते. दाजींना चाळ भरायला माणूस हवाच आहे. बटाटा ज्याला कळतो त्याला कांदा कळायला किती वेळ लागणार? शिवाय त्याला शिडी लागत नाही. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने ईश्वराला देवळ्याला पाठवतो. मिरची कमी घाल.

पुन्हा ता. क. : यादव त्याला सोडायला बरोबर येईल. अक्का, हे पत्र खरं म्हणजे यासाठीच लिहिलं. पोरगा सामन्यापासून सारखं म्हणतोय की नाव लागलं, आता पुरे, मी घरी जातो. त्याला दारातूनच परत पाठव. आत घेऊन भाकरी वाढलीस तर तो उठायचा नाही. तो गेला तर कारखान्याच्या कोर्टावर संध्याकाळी मी कोणाकडे चेंडू पाठवू?

वन्संना कुसाचा नमस्कार. पाकीट पेटीत टाकायला माझ्याकडं दिलं म्हनून खाली लिवते. यादव दमलाय हो. राहतो म्हटला तर राहू द्या, पोटभर वाढा. ईश्वराला मात्र दोन महिन्यांत माझ्याकडं परत पाठवा, त्याचा गुण राहिलाय. तुमच्या भावाची काळजी करू नका. चेंडू परत द्यायलाच कोनी पायजे ना त्यांना? मी परवा आपल्या भिंतीवर चेंडू मारून बघितला. मलाबी येतोय.