शिवूचे अंकज्ञान, आखाजीपर्यंत

३ मार्च, सोमवार
कामिनीची आई जाऊन तीन महिने झाले. मला रडता येत नाही, बोलताही फारसे येत नाही. म्हणून काम हाती घेतले आहे. नात शिवू, वय साडेपाच, हिला घरी शिकवणे.
कामिनी आणि जावई योगराज सुरतला नोकरीला. दिवसकार्यानंतर, आबा एकटे नकोत, म्हणून पोरीला माझ्याकडे ठेवून गेले. कामिनीची अट अशी: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती येणार. पोरीला आकडे येत असतील तर इथेच पाचोऱ्यात पहिलीत घालायचे. नाहीतर सुरत.
सोपे आहे. जन्मभर एस.टी.त कंट्रोलर होतो. वेळापत्रक लागले की सगळे होते. हे सर्व पोरीच्या हितासाठी. एकट्याने राहायला मला काही अडचण नाही.

४ मार्च
अंकाचा तास सकाळी सातला. शिवू उठली सव्वाआठला. उशिरा सुटलेली गाडी वाटेत वेळ भरून काढते. हिने काढला नाही.
एक ते पाच म्हणून घेतले. सहा म्हण म्हटले. म्हणाली, "आजी सहा म्हणायला लावत नव्हती. आजी शेव द्यायची."
शिस्त महत्त्वाची. लाच देणार नाही.

४ मार्च, सायं.
शेव आणली.

९ मार्च
भिंतीवर अंकांचा तक्ता लावला. शिवूने आठला डोळे आणि मिशा काढल्या. आता आठ ओळखते, "वनाबाबा" या नावाने. वना म्हणजे आमच्या डेपोचा जुना ड्रायव्हर. साम्य आहे. प्रगती मानावी का, ठरत नाही.

१७ मार्च
घरात उकाडा. शुद्ध हवेसाठी तिला निंबाखाली नेले. तिथे आखाजीला खेळायचे पत्ते आतापासूनच सुरू. माझे जुने सोबती हिलाल, वना आणि प्रेमराज. मेंढीकोटला चौघे लागतात.
हिलाल म्हणाला, "आबा, चौथा गडी नही शे."
वर्षभर पत्त्याला हात लावायचा नाही, हे मी ठरवलेले आहे. घरात दुःख आहे. पण मला पटकन उत्तर द्यायची सवय नाही. तेवढ्यात त्याने पाने वाटली. समोर ठेवलेली पाने उचलली नाहीत तर तो माणसाचा अपमान होतो.
शिवू मांडीवर होती. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा बदाम."
सहा! न सांगता!
पानावर आकडाही असतो आणि तेवढी चित्रेही असतात. तक्त्यावर ही सोय नाही.

१८ मार्च
अंकाचा तास यापुढे दुपारी चारला, निंबाखाली. मी खेळत नाही. शैक्षणिक साधन हातात धरतो.

२ एप्रिल
प्रेमराज मुलाकडे नाशिकला गेला. त्याच्या जागी शिवू. माझी भिडू. पाने तिच्या मुठीत मावत नाहीत, म्हणून फ्रॉकच्या घोळात ठेवते. पहिल्याच डावात तिने हुकमाच्या सत्तीने वनाची दश्शी मारली. वना मिशी ओढत बसला. हिलाल म्हणाला, "हिले बठ्ठं समजस. आबाले कधी समजीन?"
पोरीला सगळे समजते, मला नाही, असा अर्थ. दुर्लक्ष केले.

५ एप्रिल
कामिनीचा फोन. आकडे कुठवर आले? म्हटले, दहापर्यंत पक्के. पुढे? म्हटले, पुढचे चालू आहे. तुम्ही कसे आहात? म्हटले, उत्तम.
साधनांबद्दल विचारले नाही. न विचारलेली माहिती चौकशीच्या खिडकीतूनही कोणी देत नाही.
संकल्प: उद्यापासून अकरा ते वीस.

६ एप्रिल
ऊन फार. अकरा उद्या.

१५ एप्रिल
हिलाल आणि वनावर मेंढीकोट चढवला. चारही दश्श्या आमच्याकडे! शिवू ओरडली, मीही थोडा ओरडलो. नंतर वाईट वाटले. घरी येऊन कामिनीच्या आईच्या फोटोसमोर दिवा लावला. शिवूने फोटोला सगळा डाव सांगितला. मी थांबवले नाही.
अकरा राहिले.

२६ एप्रिल
कामिनी आली. पत्त्यांचा जोड पिठाच्या डब्यामागे ठेवला. शिवूला समजावले, आईसमोर पत्त्यांचे नाव काढायचे नाही. म्हणाली, "बरोबर. समोरच्याला पाने दाखवायची नसतात."
पोर समजूतदार आहे. मी निश्चिंत.

२८ एप्रिल, सोमवार
शाळेत गेलो. मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलाखत नसते हो काका, नुसत्या गप्पा."
आकडे म्हणायला सांगितले. शिवूने एक ते दहा खणखणीत म्हटले. बाई खूश. "पुढे?"
"गुलाम, राणी, राजा, एक्का."
कामिनीने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या मोराकडे.
बाईंनी विचारले, "सात मोठे की दहा?"
शिवू म्हणाली, "आधी हुकूम सांगा."
मग बाईंनी फळांची चित्रे असलेली कार्डे पुढे ठेवली. आंबा उचल म्हणाल्या. शिवूने सगळी गोळा केली, पिसली आणि चौघांना वाटली. "बाई, तुम्ही आईच्या भिडू."
बाईंनी आपली पाने उचलून लावूनसुद्धा घेतली. माहेर इकडचेच असावे. म्हणाल्या, मुलगी तरतरीत आहे, जूनमध्ये पाठवा.
माझी पद्धत यशस्वी.

२८ एप्रिल, रात्री
रिक्षात शिवूने आईला निंबाखालचे सगळे सांगितले. घरी आल्यावर कामिनी आधी पोट धरून हसली. मग डोळे पुसले. म्हणाली, "आबा, तुम्ही निंबाखाली जाऊन बसता, ओरडता, हे ऐकून बरं वाटलं. मला वाटत होतं तुम्ही कोपरा धरून बसला असाल. तुम्ही सावरलात. आता माझी पोर मला द्या. मलाही तिच्याशिवाय घर खायला उठतं. आणि दहाच्या पुढे गुलाम येतो तिला, अट आठवते ना?"
सावरलो नाही असे सांगता आले असते. पण फोनवर रोज उत्तम म्हटलेले.
पाणी प्यालो.

३० एप्रिल, आखाजी
कामिनीच्या आईच्या नावाने पहिली घागर भरली. वर खरबूज ठेवले. शिवूने विचारले, आजीला मेंढीकोट यायचा? म्हटले, यायचा, पण माझ्यापुढे नेहमी हरायची. कामिनी म्हणाली, मुद्दाम हरायची.
मला तसे वाटत नाही.

२ मे
त्यांना सुरतच्या गाडीत बसवले. गाडी वेळेवर आली. तक्रार नोंदवावी असे वाटले.

४ मे, रविवार
नवे वेळापत्रक केले. सकाळी फिरणे, मग पेपर, दुपारी विश्रांती.
चारला निंबाखाली गेलो. हिलाल आणि वना माझी वाट पाहत नव्हते, तसे त्यांनी सांगितले. तिघांत मेंढीकोट होत नाही. वनाने पाच-तीन-दोन वाटले. एकाने पाच हात करायचे, एकाने तीन, एकाने दोन. माझ्या वाट्याला दोन आले.
एकच झाला.