उतरलेली कंबर

३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या दादाची कंबर दोन इंचांनी उतरली आहे. आधी नीट बस, मग पुढचं वाच. आपल्या शिलाईच्या दुकानाला बटणं पुरवतो ना, त्या बटणवाल्याने कडू पानांच्या रसाचा उपाय सांगितला. त्याच्या मामाचं बीपी त्यानेच पळालं म्हणे. मीही रोज नाक दाबून पितो आणि बीपीच्या गोळ्या बंद केल्यात. एकदाही चक्कर नाही. पहिल्याच दिवशी पेला कलंडून माझी कापडी टेप हिरवीगार झाली. ती धुतली आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून खाली जड इस्त्री बांधून खुंटीला टांगली. सुतासारखी सरळ झाली.

गंमत म्हणजे मी बारीक होतोय आणि गिऱ्हाइकं फुगतायत. मापं मी घेतो, कापड तुझी वहिनी तिच्या टेपने कापते आणि ट्रायलला येईपर्यंत सगळ्यांची पोटं सुटलेली. शाळामास्तरांच्या विजारीचं तर बटणच लागेना. लोकांना तब्येतीची काळजीच नाही बघ.

तुझा सडपातळ,
दादा

११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. (सडपातळ झालास तरी नमस्कार तेवढाच.)

पत्र वाचून आधी हसले, मग लगेच हे लिहायला बसले. बटणवाल्याच्या मामाला गुण आला असेल. पण ज्यांना आला नाही, ते काय तुझ्याकडे बटणं विकायला येणार आहेत? आणि कंबर उतरली म्हणून बीपीही उतरलं, हे कुणी सांगितलं? चक्कर नाही म्हणतोस. बाबांनाही कधी आली नव्हती, जेवताना कोसळले त्या दुपारपर्यंत.

दादा, मला फार भीती वाटते. उद्याच डॉक्टरांकडे जाऊन बीपी मोजून घे. गोळ्यांचं आणि रसाचंही त्यांनाच ठरवू दे. आणि एक सांग, तुझ्या पट्ट्याचं भोक बदललं का? कंबर उतरली तर विजार घसरायला हवी. सगळी गिऱ्हाइकं एकदम फुगली, हेही माझ्या गळी उतरत नाही.

लोभ आहेच, तो गोळ्यांसकट चालू ठेवावा.
तुझी भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

भोक तेच आहे. तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं आणि दोघांच्या टेपा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. माझ्या टेपचे अडतीस म्हणजे तिचे चाळीस. इस्त्रीने टेप ताणली होती, मी होतो तेवढाच होतो. वहिनी हसता हसता जमिनीवर बसली ती उठेना. म्हणाली, रसाला गुण आहे, पण तो टेपला लागला. शाळामास्तर तर विजारीपायी रात्रीचं जेवण सोडून बसले होते. त्यांची विजार सैल करून दिली आणि त्यांना पोटभर जेवायला घातलं.

मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बीपी मोजलं, पुन्हा मोजलं. काही त्रास होत होता का, असं विचारलं. नाही म्हणालो आणि बाबा आठवले. वहिनीने माझा हात धरला. वेळेत आलात, म्हणाले डॉक्टर. मी कसला येतोय, तुझ्या पत्राने नेलं. गोळ्या पुन्हा सुरू आहेत आणि वहिनी समोर उभी राहून गिळायला लावते.

अशीच भांडत राहा, हा आशीर्वाद.
तुझा जाडजूड,
दादा

ता. क. ती टेप तुला पाठवतोय. मन खट्टू झालं की कंबर मोज आणि खूश हो. डॉक्टरांना मात्र ते माप सांगू नकोस.