दोरीला हात लावल्याशिवाय

देवबाग, ता. ७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वेनेसा हिस क्लेमेंटिना मावशीचे अ. आ. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हा कागद. काल रापणीचं जाळं ओढायला किनाऱ्यावर गेले, तर रापणीचा म्होरक्या सुदेश, त्याने माझ्या हातातली दोरी काढून घेतली. पुण्याहून वेनेसाताईंचा फोन आला होता, आता तुमचा वाटा घरी पोचवतो, तुम्ही बसा, म्हणाला. बसा म्हणे! अगो, जो दोरीला हात लावतो त्याचाच माशांत वाटा, ही गावाची रीत. मी काय भीक मागतंय? तुका ह्यो शाणपणा कोणी शिकवलो?

ऐंशी ओलांडली, तरी मी विहिरीचं पाणी ओढते, चर्चला चालत जाते. आणि तुझी आई सिल्व्हिया माझ्याहून धाकटी. याच घरातली, हेच मासे खाऊन वाढलेली. तुझ्याकडे राहायला जाईपर्यंत माझ्याआधी रापणीवर पोचायची. आता तिला पाणीसुद्धा हातात द्यावं लागतं. काळजीच करायची तर आमच्या गावात डॉक्टर टिकत नाही, त्यावर कोणाशी तरी भांड.

माया असू दे, पण माझी दोरी सोड.

तुझी मावशी

पुणे, ता. १५ नोव्हेंबर

ती. मावशीस वेनेसाचा सा. न. वि. वि.

रागावलेय मीसुद्धा! तुझा रापणीवरचा व्हिडिओ कोणा पर्यटकाने टाकला, तो पाहिला आणि लगेच सुदेशला फोन लावला. पडलीस तर मालवणला दवाखान्यात नेणार कोण? आईला मी जागेवरून उठू देत नाही, म्हणून ती सुखरूप आहे.

ती माझी बाजू घेईल म्हणून तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तर ती भिंत धरून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि स्वतः पाणी ओतून घेतलं. अर्धं सांडलं. मी धावले, तर माझ्यावरच खेकसली. आता हिला सांभाळू कशी, तूच सांग.

राग गिळून लोभ ठेव.

वेनेसा

पुणे, ता. २ डिसेंबर

ती. क्लेमेंटिना बायेस सिल्व्हियाचा नमस्कार.

वेनेसा लिहून देते म्हणत होती, मी पेन हिसकावून घेतलं. अक्षर वाकडं आहे, हसू नको. रोज जिना उतरतंय, काठी आसा. सुदेशाक फोन करून तुझी दोरी परत देवक सांगितलंय, वेनेसाच्या समोर.

नाताळाक येतंय. दोरीच्या शेवटाक माझी जागा ठेव. ओढूक जमला नाय, तर नुसतो हात लावीन. पण माझो वाटो घराक धाडलंस तर बघ!

तुझी धाकटी
सिल्व्हिया